अकरा मिनिटांवरचा माणूस

नव्या घरात पाऊल टाकलं की कुणी नळाला पाणी येतं का बघतं, कुणी ऊन कुठून येतं ते बघतं. माझी बायको होती तेव्हा ती आधी ओट्याची उंची बघायची. आमचे शेजारी सोनकांबळे मात्र उंबरठ्यावरच थांबतात आणि एकच प्रश्न विचारतात, "हितून दवाखाना किती मिनिटं?"

किलोमीटरमध्ये दिलेलं उत्तर त्यांना चालत नाही. "किलोमीटर सडकेचे असतेत सर. माणसाची मिनिटं असतेत."

त्यांच्या पुतणीची सोयरीक लोह्याकडच्या एका खेड्यात जमत होती. विहारात बैठक बसली होती. मुलगा नोकरीला, घर पक्कं, दोन्हीकडची मंडळी खूश. चहा फिरला आणि सोनकांबळ्यांनी घसा साफ केला. "पोरगा चांगला हाय. पण ह्यांच्या गावाहून दवाखाना पन्नास मिनिटं हाय. पहिलं बाळंतपण माहेरी असतंच, आमाला दुसरं बी हिकडंच पायजे. आत्ताच ठरवून घ्या." मुलगी उठून आत पळाली, मुलगा बशीकडे बघत बसला. सोयरीक मोडली नाही हे नशीब.

तीस वर्षं त्यांनी नांदेडला सरकारी अँब्युलन्स चालवली. निवृत्त झाले आणि एक जुनी व्हॅन घेतली. ती ते कायम उलटी आत घालतात, तोंड रस्त्याकडे. स्वतःच्या चपलांचंही तेच. कुणाकडे गेले की चपला काढतात, वाकतात आणि फिरवून ठेवतात, टाचा घराकडे. माझ्याकडे आले की माझ्याही फिरवून जातात. मी गणिताचा मास्तर, चाळीस वर्षं पोरांना टोमणे मारण्यात गेली, ती सवय जात नाही. मी विचारायचो, "सोनकांबळे, आपण पळून चाललोय का कुठं?"

"वेळेला फिरवत बसायला टाइम नसतो सर," ते गंभीरपणे सांगायचे. आणि मी चहा पुढे केला की मलाच म्हणायचे, "उशीर करू नका, निवून राहिला."

आता मी हसतोय खरा, पण माझं खरं सांगायचं तर मी जन्माचा भित्रा आहे. बायको गेल्यापासून एकटा राहतो. मुलगा पुण्यात. बी.पी. आहे, आणि जिभेखाली ठेवायची गोळी शर्टाच्या खिशात असते. छातीत जरा चमकलं, अगदी भजी खाऊन जळजळलं, तरी मी खिडकीशी जातो आणि समोर व्हॅनचं तोंड रस्त्याकडे आहे ना, ते बघतो. ते दिसलं की निम्मी जळजळ थांबते. आमच्या गल्लीतून दवाखाना अकरा मिनिटं. अर्थात गाडीवर सोनकांबळे असतील तर.

ही अकरा मिनिटं तोंडची नाहीत. चार वर्षांपूर्वी एका सकाळी कौसल्यावहिनी, म्हणजे सोनकांबळ्यांच्या मंडळी, ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. सूप हातातून सुटलं आणि त्या आडव्या झाल्या. मी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, माझेच हात इतके कापत होते की पेशंट कोण असा प्रश्न पडावा. अकराव्या मिनिटाला गाडी दवाखान्याच्या दारात होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. त्या दिवसापासून वहिनी ठणठणीत आहेत आणि सोनकांबळ्यांना दर आठ-पंधरा दिवसांनी त्या रस्त्याने एकदा रिकामीच गाडी पळवून बघावी लागते.

अशा माणसाला वहिनी गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी म्हणाल्या, "मला वाडीला जाऊन राह्यचंय."

वाडी म्हणजे त्यांचं माहेर. इस्लापूरच्याही पुढे, जंगलाच्या कडेला. घरं चौदा, त्यातल्या नऊ घरांना कुलपं. माणसं हैदराबादला नाहीतर पुण्याला गेलेली. उरलेल्या पाचांतल्या एका घरात वहिनींची थोरली बहीण सरूअक्का एकटी राहते. तिची नजर अधू झालीय, पण ती नांदेडला यायला तयार नाही. शेजारचं भावाचं घर रिकामं पडलंय. वहिनींनी आयुष्यात नवऱ्याकडे एवढं एकच मागितलं, आणि तेही एकदाच. मग त्या रोज संध्याकाळी सरूअक्काला फोन लावू लागल्या. तो दहातल्या दोन वेळा लागायचा.

सोनकांबळ्यांची झोप उडाली. जेवण तुटलं. ते माझ्या ओट्यावर येऊन बोटं मोजायचे. "नाल्याला पूल न्हाई सर, पावसाळ्यात तीन-तीन दिस रस्ता बंद. रेंज फकस्त टेकाडावरच्या मोहाच्या झाडाखाली. आन त्या मोहाखाली अस्वल येतंय. मंग फोन करायचा का अस्वलाला रामराम करायचा?"

मी जोरात मान हलवायचो. एवढंच नाही, मी माझ्याकडून भर घालायचो. विंचू घातला, घोणस घातली, वीज पडते तीही घातली. मित्राची काळजी म्हणून हे चाललंय अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. खरी गोष्ट अशी, की ते गेले तर माझ्या खिडकीसमोर नुसती भिंत उरणार होती.

एकदा मात्र अस्वलापाशी आल्यावर त्यांनी मोजायची बोटं मिटली. मग हळूच म्हणाले, "तिकडून मी माणसं आणलेत सर. लई आणलेत. कधीमधी अर्ध्या वाटंत मागला आवाज बंद व्हायचा. मंग सायरन चालू ठिवायचा का बंद करायचा, हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं न्हाई."

"मग तुम्ही काय करायचात?"

"चालूच ठिवायचो. मागं आई नाहीतर बायको बसलेली असायची. तिला कळाया नको, गाडीतून खाली उतरंपर्यंत तरी." ते उठले आणि माझ्या चपला फिरवून निघून गेले.

शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीने तोडगा काढला. वाडीतून किनवटचा दवाखाना गाठून बघायचा. डॉक्टर लोक पहिला तास सोन्याचा म्हणतात. तासाच्या आत पोचलो तर राहायला जायचं, एक मिनिट वर गेलं तर विषय बंद. वहिनींनी हे कबूल केलं. पण रिकामी गाडी धावते आणि पेशंट असलेली गाडी धावते यात फरक असतो, तेव्हा खरा माणूस मागे हवा. तो माणूस मी.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं वाडीला पोचलो. मला अंगणात व्हॅनच्या मागच्या सीटवर आडवं केलं, गळ्यापर्यंत चादर घातली. "कण्हत राहा सर," सोनकांबळे म्हणाले, "त्याशिवाय मला जोर येत न्हाई." मी कण्हायला लागलो. तेवढ्यात सरूअक्का काठी टेकत बाहेर आली. तिला अंधुक चादर दिसली, कण्हणं ऐकू आलं आणि तिने छाती बडवून घेतली. "आगं माय! चहा बी न पिता मास्तर चालले गं!" उरलेल्या चारही घरांतली माणसं गोळा झाली. मी उठून नमस्कार केला, तेव्हा एक म्हातारी मागच्या मागे बसली.

मग गाडी सुटली. आता मला कबुली द्यायची आहे. पेशंटचं काम मी फार मन लावून केलं. पहिल्या वळणावर मला मळमळलं. गाडी थांबली. पुढे घशाला कोरड पडली. गाडी थांबली. घाटाच्या पायथ्याशी माझी एक चप्पल अर्धवट सरकलेल्या दारातून खाली पडली, ती मी पायाने ढकलली होती. मी ओरडलो, "थांबा!" आणि सोनकांबळे थांबले. एवढंच नाही, गाडी मागे घेऊन त्यांनी चप्पल उचलून आणली, पुसली आणि माझ्या पायाशी ठेवली. तीस वर्षं सिग्नलला न थांबलेला माणूस चपलेसाठी कसा थांबतो, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. मी मात्र मनातल्या मनात मिनिटं मोजत होतो.

दवाखान्याच्या फाटकाशी एक तास सतरा मिनिटं झाली.

वाडीला परत आलो तेव्हा पिठलं-भाकरी तयार होती. सोनकांबळ्यांनी भाकरी मोडत निकाल सांगितला. "सतरा मिनिटं वर. आता माझा इलाज न्हाई." चेहरा त्यांनी पाडला होता, पण कित्येक दिवसांनी ते तिसरी भाकरी घेत होते. वहिनींनी ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी पिठल्यात बघितलं.

ताटं उचलून झाल्यावर वहिनी पदराला हात पुसत उठल्या आणि सरळ व्हॅनमध्ये जाऊन आडव्या झाल्या. चादर स्वतःच ओढून घेतली. "पेशंट मी हाय ना? मंग मला न्या. सरांचं काय हाय, त्यांना काई बी व्हतंय."

मी घड्याळ घेऊन पुढे बसलो. सोनकांबळ्यांनी किल्ली फिरवली. वहिनी कण्हल्या नाहीत, बोलल्या नाहीत, डोळे मिटून पडून राहिल्या. गाडी नाल्यातून वर आली, सागाच्या झाडीत शिरली. पहिली दहा मिनिटं सोनकांबळे सुसाट होते. मग आरशात बघायला लागले. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. "कौसल्या," त्यांनी हाक मारली. मागून आवाज आला नाही. मीही वळलो नाही. मला खरंच भीती वाटत होती वळायची. घाटाच्या मध्यावर व्हॅन आपोआप हळू झाली आणि कडेला उभी राहिली. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. हातातलं घड्याळ मला दिसेना.

मागे चादर सरकली. "आवं, मी हाय की," वहिनी म्हणाल्या. "डोळा लागला व्हता जरा."

सोनकांबळे स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. तीस वर्षांत ज्यांच्यासाठी रडायला वेळ मिळाला नव्हता, ते सगळे त्या रडण्यात असावेत. मी खाली उतरलो. वहिनी उतरून पुढे आल्या, मला मागे जायला खुणावलं आणि नवऱ्याच्या शेजारी बसल्या.

मग म्हणाल्या, "भ्या तिकडं नांदेडला बी वाटतंय की तुमाला. रोज वाटतंय, मी काय बघत न्हाई व्हय? हितं बी वाटंल. मंग सरूअक्काच्या अंगणात बसून वाटू द्या. मला बी सोबत व्हईल, तिला बी." आणि थोड्या वेळाने, "आन गाडी हळू चालवा. मला भायेरचं बगायचंय."

त्या दिवशी आम्ही किनवटला गेलोच नाही. गाडी वळवून सहस्रकुंडाला गेलो, धबधब्यासमोर बसून शेंगा खाल्ल्या. मला राहवलं नाही. मी सोनकांबळ्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "सकाळी मला मळमळलं वगैरे नव्हतं. चप्पलही मीच पाडली होती."

"माहीत हाय सर," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "चपलेसाठी अँब्युलन्स थांबते का कुठं? तुम्ही थांबा म्हणलात, मला बी तेच पायजे व्हतं." आम्ही दोघे भित्रे एकमेकांकडे न बघता शेंगा सोलत राहिलो.

पावसाळा सरला, नाला उतरला आणि जायचा दिवस ठरला. भीती काही गेली नव्हती. सोनकांबळ्यांनी औषधांची पेटी तीनदा भरली, टेकाडावर अस्वलासाठी टांगायला जुनी घंटा घेतली. माझं विचाराल तर मी त्या दिवसांत कुणाशी धड बोलत नव्हतो. आणि त्यातच जायच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी मी खिडकीतून बघतो, तर गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या गफ्फारभाईंची ऑटो भरधाव निघालीय आणि तिच्यातून दोन पाय बाहेर आलेत. पाय सोनकांबळ्यांचे. मी तसाच अनवाणी धावलो. ऑटोतून एक हात वर आला. "काई न्हाई सर, जावा घरी! गफ्फार, उशीर करू नको!" दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारणं सोडून दिलं. घर सोडायच्या धसक्याने माणसाचं डोकं फिरलं, अशी मी समजूत करून घेतली.

निघायच्या सकाळी सामान भरून झालं, वहिनी पुढे बसल्या. सोनकांबळे माझ्या घरी आले. सोबत गफ्फारभाई होते. मी चहा ठेवायला निघालो तर त्यांनी हात धरला.

"सर, बारा मिनिटं," ते म्हणाले.

मला कळेना.

"गफ्फारच्या ऑटोनं. मी मागं आडवा पडून आठ दिस बघितलं. आधी पंधरा लागली, मंग बाजाराकडचा रस्ता सोडला, तेरा लागली. काल बारा. अकरा काई जमंना." त्यांनी खाली बघितलं. "त्याची ऑटो आता तुमच्या दारासमोर लागंल, तोंड रस्त्याकडं करून. एक मिनिट जास्त हाय. तेवढं सांभाळून घ्या."

"फिकर नक्को सर," गफ्फारभाई म्हणाले. "दिनरात इधरच है मैं."

चाळीस वर्षं ज्या तोंडाने टोमणे मारले त्या तोंडातून हो सुद्धा निघेना. मी नुसती मान हलवली. व्हॅनचं तोंड रस्त्याकडेच होतं, त्यामुळे ती वळवावी लागली नाही, लगेच निघून गेली. कोपऱ्यावर वहिनींचा हात बाहेर आलेला दिसला.

मी अनवाणीच बाहेर आलो होतो. परत फिरलो तर उंबरठ्याशी माझ्या चपला होत्या, टाचा घराकडे, नीट जोडून ठेवलेल्या. मी त्या ओलांडून आत गेलो आणि खिडकीशी जाऊन बसलो. समोर गफ्फारभाई ऑटो उलटी आत घेत होते.