वायू आढळला

संशोधक बाईंनी चिवट जखमांसाठी एक पट्टी तयार केली होती. प्लास्टिकचीच, पण स्पंजासारखी. डोळ्यांना न दिसणाऱ्या तिच्या छिद्रांत औषधी वायू कोंडलेला. पाकीट फोडून पट्टी जखमेवर ठेवली, की ओल लागून वायू हळूहळू सुटे आणि जखम भरून येई. प्रथेप्रमाणे पट्ट्या सरकारी तपासणीला गेल्या.

तपासनीस साहेब कामाला चोख. त्यांनी एकेक पाकीट फोडलं, पट्टी पाण्यात बुडवली, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत वायू मोजला. मग पट्टी वाळवून पुन्हा पाकिटात घातली आणि वर निळ्या शिक्क्याची चिठ्ठी डकवली: ‘वायू आढळला’.

“साहेब, आता यात वायू नाही,” बाई म्हणाल्या.

“नाही कसा? मी स्वतः मोजलाय.”

“मोजलात म्हणूनच गेला. शंभरातल्या चार तपासा की!”

“आणि बाकीच्या रुग्णांनी आपलं काय घोडं मारलंय? त्यांना बिनतपासणीचा माल?” साहेबांना खरोखरच वाईट वाटलं. मनानं ते दयाळू होते.

“मग या रिकाम्या मी पुन्हा भरून देते.”

“द्या ना. पण भरली की तो नवा माल. तपासावा लागेल.”

हसावं की रडावं, बाईंना कळेना. घरी आईच्या पायाची जखम चिघळली होती. ती भरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंनी एक भरलेली पट्टी गुपचूप घरी नेली.

आईनं चष्मा लावून पाकीट उलटंपालटं केलं. “शिक्का कुठाय गं?”

“अगं, मी माझ्या हातानं केलीय.”

“तुझ्या हातचं जेवणसुद्धा मी आधी तुझ्या बाबांना वाढते. शिक्का असेल तरच लावीन.”

बाईंचा जीव तीळतीळ तुटत होता. त्यांनी एका रिकाम्या पाकिटावरची चिठ्ठी अलगद सोडवली आणि भरलेल्यावर चिकटवली. मग आईनं मुकाट्यानं पाय पुढे केला.

अंगठा वाचला. बाईंना आनंदानं रडू कोसळलं. आई मात्र काठी टेकत थेट तपासनीस साहेबांचे आभार मानायला गेली. साहेबांनी तिच्या पायाचा फोटो काढून घेतला आणि खाली लिहिलं, ‘काटेकोर तपासणीचं फळ’. फोटो गावभर झाला. बाई धावत जाऊन खरं काय ते सांगून मोकळ्या झाल्या.

“म्हणजे बिनतपासणीची पट्टी आईला लावलीत?” साहेबांना घाम फुटला. “देवानंच वाचवलं म्हणायचं!”

दुसऱ्या दिवसापासून तपासलेल्या पट्ट्यांसाठी रांग लागली. “अहो, त्या रिकाम्या आहेत! भरलेल्या माझ्याकडे आहेत, फुकट न्या!” बाई घसा फोडून सांगत होत्या. रांगेत तुम्हीही होतात. तुम्ही तेवढं मागे वळून पाहिलंत, त्यांच्या हातातली पिशवी न्याहाळलीत आणि अगदी सभ्यपणे विचारलंत, “शिक्का आहे का त्यांच्यावर?”