पासवर्ड, तीन प्रतींत

सोमवारी सकाळी तिहोमिरने विद्यापीठाच्या कृषी फॅकल्टीतल्या बेचाळीस जणांना ईमेल पाठवला: पासवर्ड बदला, लांबलचक ठेवा, कुठे लिहू नका, कुणाला सांगू नका. मंगळवारी दुपारपर्यंत किती जणांनी बदलला? एकानेही नाही! तो तणतणत आवक-जावक विभागात गेला. तिथे मिलुंकाबाईंचं राज्य होतं.

"ईमेल? तो काय कागद आहे होय?" मिलुंकाबाई कॉफी ढवळत म्हणाल्या. "जावक क्रमांक नाही, डीनसाहेबांची सही नाही, गोल शिक्का नाही. उद्या कुणीही उठेल नि म्हणेल, पासवर्ड बदला!"

"कुणीही नाही हो बाई, मी म्हणतोय! इथले संगणक मीच बघतो ना?"

"तू हंगामी, बाळा. हंगामी माणसाचं कोण ऐकतं?"

हे मात्र त्याला झोंबलं. सहा वर्षं तो हंगामी होता आणि शुक्रवारी करार संपत होता. त्याच शुक्रवारी विद्यापीठाच्या प्रमुखांची, म्हणजे रेक्टर कार्यालयाची, समिती तपासणीला येणार होती. पासवर्ड पक्के सापडले तर तिहोमिर कायम, नाहीतर पदच रद्द. बायकोने तर माहेरी सगळ्यांना तो कायम झाल्याचं सांगूनही टाकलं होतं.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे ओळखून त्याने ईमेल कागदावर छापला, डीन राडिवोयेसाहेबांची सही आणली आणि कागद बाईंपुढे ठेवला. बाईंनी शिक्का असा हाणला की कपातली कॉफी हिंदकळली. "आता कसं! आता बघ कशी कामं होतात ती. तू निवांत घरी जा."

तो निवांत घरी गेला, हीच त्याची चूक.

बुधवारी सकाळी सूचनाफलकापुढे ही गर्दी! प्राध्यापक चष्मे सावरून वाचत होते, मागचे पुढच्यांना कोपरं मारत होते. तिहोमिर घुसून पुढे गेला. फलकावर बेचाळीस नावं होती आणि प्रत्येक नावापुढे जुना पासवर्ड, नवा पासवर्ड, बदलण्याचं कारण आणि सही. खाली गोल शिक्का.

"मिलुंकाबाई! हे काय करून ठेवलंत?"

"का? कामकाज. अर्ज तीन प्रतींत भरून घेतले. एक फायलीला, एक ज्याची त्याला, एक फलकावर. कारभार पारदर्शक हवा की नको?"

"अहो, पासवर्ड गुप्त असतो!"

"मग त्यावर 'गुप्त' असा शिक्का मारून आणायचास. आहे ना माझ्याकडे तोही."

तिहोमिरने कपाळावर हात मारून घेतला. "काढा आधी तो कागद!"

"आठ दिवस काढता येत नाही. काढायचा तर डीनसाहेबांचा लेखी आदेश हवा."

डीनसाहेब तिथेच होते. यादीतल्या सतराव्या ओळीवर त्यांनी बोट रोवलं होतं. ती ओळ फळबागशास्त्राच्या ओब्राडसरांची होती.

"ओब्राड, 'डीन गाढव २०११'?"

"तो जुना हो, साहेब! आणि २०११ साली डीन कुणी दुसरेच होते."

"२०११ सालीही मीच होतो!"

तिकडे ग्रंथपालबाईंचा नवा पासवर्ड म्हणजे त्यांच्या पहिल्या नवऱ्याचं नाव निघालं. दुसरा नवरा प्रयोगशाळेत कामाला, आणि यादी वाचायला सगळ्यांत आधी आलेला तोच. दहा मिनिटांत गर्दी पांगली. जो तो मान खाली घालून आपापल्या खोलीत गेला, आतून कड्या लागल्या. आदेशावर मात्र सही कोण करणार? डीनसाहेबही कडी लावून बसले होते. कागद फलकावर तसाच राहिला आणि तिहोमिरला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

शुक्रवारी समितीच्या प्रमुख वुकोसावाबाई आल्या त्या थेट फलकापुढेच उभ्या राहिल्या. तिहोमिरला वाटलं, संपलं. बाईंनी यादी लिहून घेतली आणि तासभर त्यातल्या पासवर्डांनी एकेक संगणक उघडायचा प्रयत्न केला. एकही उघडला नाही. लाजेकाजेने बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी बुधवारीच पासवर्ड पुन्हा बदलले होते, आणि या वेळी कुणी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"अकरा फॅकल्ट्या पाहिल्या," वुकोसावाबाई म्हणाल्या. "चोराला चकवायला खोटी यादी लावणारे तुम्ही पहिलेच. कमाल केलीत!"

"आपलं... हं," तिहोमिर कसाबसा म्हणाला.

मग त्या डीनसाहेबांकडे वळल्या. "याला आजच कायम करा. तीनच्या आत नोंद झाली नाही तर पद जाईल, लक्षात ठेवा." एवढं सांगून त्या पुढच्या फॅकल्टीकडे गेल्या.

अडीच वाजले होते. तिहोमिर उड्या मारत मिलुंकाबाईंकडे पोचला. नोंद त्यांच्याच संगणकावरून व्हायची. बाईंनी बोटं मोडली, कळफलक पुढे ओढला आणि थांबल्या.

"काय झालं?"

"पासवर्ड आठवत नाही रे. बुधवारी बदलला तो."

"आठवा, आठवा!"

"मनुकांचं काहीतरी होतं. की आलुबुखाराचं? विसरलेला पासवर्ड कोण पुसतं? तूच ना? मग पूस."

तिहोमिरचा चेहरा पडला. ज्याचा करार संपतो त्याचा प्रवेश शेवटच्या दिवशी दुपारी दोनला आपोआप बंद होतो. हा नियम त्यानेच, मोठ्या हौसेने, बसवला होता.

पावणेतीन झाले. तिहोमिरने बाईंचा खण उपसला, कॅलेंडर उलटून पाहिलं, शेवटी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली डोकं घातलं.

"मावशी," तो तिथूनच रडवेल्या आवाजात म्हणाला, "खरं सांगा, कुठेतरी लिहून ठेवला असेल ना? एखादी चिठ्ठी? रुमालाच्या टोकाला?"

मिलुंकाबाईंनी छातीवर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत अभिमान मावत नव्हता.

"शप्पथ, बाळा! कुठ्ठेही नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर न् अक्षर ऐकलं बघ."