स्वल्पविरामासकट दळवी

आमच्या गिरगावातल्या चाळीत सकाळी सगळ्यांत आधी दळवींचा आवाज येतो. ते पेपर मोठ्यानं वाचतात, तोही विरामचिन्हांसकट. "उद्या दादर, स्वल्पविराम, परळ आणि नायगावात पाणी येणार नाही, पूर्णविराम." वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडतं, "दळवी, आपल्या गिरगावचं काय, प्रश्नचिन्ह?"

ही नोकरीनं लावलेली सवय. परळच्या ज्या कचेरीत मी हिशेब पाहतो, तिथेच दळवी शास्त्रीय नियतकालिकांची पानं तयार करतात. लेखकाचा मजकूर आणि छापायचं पान जुळतंय का, हे बघायला पूर्वी दोन माणसं समोरासमोर बसत. दळवी पान वाचत, कुमुदवहिनी मूळ लेखावरून बोट फिरवत "हो, हो" म्हणत, आणि चुकलं की "थांबा!" त्यांचं लग्नही त्या टेबलावरच जमलं. पुढे वहिनींची नजर गेली, त्या घरी बसल्या.

यंदा कचेरीत नवी प्रणाली आली. लेख आत टाकला की पानं, तक्ते, संदर्भ सगळं आपोआप लागून बाहेर. दळवींनी तिला नाव दिलं जावईबापू. "सगळं हातात द्या, तरी रुसतात!" मासेमारीवरच्या एका लेखात तर जावईबापूंनी आभारातले सगळे कोळी लेखकांच्या रांगेत बसवले. दळवी खूश. "असू दे की रे! मासे त्यांनीच पकडले ना?" मग उसासा टाकून एकेकाला परत आभारात पाठवलं.

हा किस्सा मी दळवींच्या घरी जाऊन वहिनींना सांगितला. त्या हसल्या नाहीत. "म्हणजे भाऊजी, आता ऐकणारं माणूस लागतच नाही?"

दळवींनी चहा ढवळता ढवळता त्यांच्याकडे पाहिलं.

परवा रविवारी माझा पेपर काखेत मारून मी त्यांच्या दारात उभा होतो. आत वाचन चालू होतं. "नाट्यशिबिरात साठ टक्के मुली, स्वल्पविराम, पन्नास टक्के मुलगे..."

"थांबा!" वहिनी कडाडल्या. "एकशेदहा टक्के पोरं? वरची दहा कुठून आणलीत?"

"अगं, खरंच की! पेपरवाल्यांनी घोळ घातलाय. तू नसतीस तर निसटलंच असतं. जावईबापूंची काय बिशाद!"

वहिनींचा चेहरा असा फुलला! "वाचा परत. आणि सावकाश."

चुकलेला आकडा मला सहन होत नाही. मी माझा पेपर उघडून बातमी शोधली. साठ आणि चाळीस, अगदी स्वच्छ छापलेलं. मी तोंड उघडणार, तोच दळवींनी पेपराआडून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली.

मी पेपराची घडी घातली.

"वहिनी," मी म्हणालो, "आमच्याही पेपरात पन्नासच छापलंय."