विश्वंभररावांच्या चौथ्या तारेची बखर

श्रीगणरायास नमन, वाग्देवीस नमन, आणि भिंतीच्या पोटातून मुकाट धावणाऱ्या तांब्याच्या तारेसही नमन, जिच्यापायी हे लिहिणे प्राप्त जाहले. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. कोणाची भीड धरीत नाही.

राज्य म्हणाल तर दोन मजल्यांत चार खोल्यांचे. गादीवर विश्वंभरराव, वय वर्षे एक्याऐंशी, स्वभावे तापट, हाताचे सढळ. पुत्र जहाजावर चाकरीस, म्हणोन कारभार सून मृणालिनीबाईंच्या शिरी. बाईंची विद्या ऐसी की ज्यांस ऐकू येत नाही त्यांची हातांची बोली त्या जाणत, आणि घरी संगणकाच्या पडद्यापुढे बसून कोर्टात दुभाष्याचे काम करीत. तों पारू शिंपीण नामे जन्मबहिरी बाई, जिचा हात मालकाने इस्त्रीने पोळविला होता, तिची साक्ष चालली असता मृणालिनीबाईंचे चित्र थिजले. हात अर्धा वर, बोटे हवेत, आणि पारू टक लावून बसली, आणि तिला प्रश्न कळेना, आणि मालकाचा वकील हसला. न्यायाधीशांनी बजाविले की पुढल्या शुक्रवारी पुन्हा ऐसे जाहले तर दुभाषी बदलू. पारू तर दुसऱ्या कोणाची खूण मानीत नव्हती. दुसरा माणूस आला तर साक्ष बुडाली, हे बाईंनी जाणिले आणि पदर खोचिला.

मग बाईंनी ब्रॉडबँडच्या कंपनीशी युद्ध मांडिले. कंपनीच्या कारभाऱ्यांनी फोनवरून फर्माविले की मोडेम बंद करून चालू करावा. केला. पुन्हा फर्माविले, पुन्हा केला, आणि ऐसे नऊ वेळा जाहले. दहाव्या खेपेस ते म्हणाले की आमची तार तुमच्या उंबऱ्यापर्यंत निर्दोष, खोट तुमच्या घरात. हे विश्वंभररावांच्या कानी गेले मात्र, राव काठी आपटून उठले आणि म्हणाले की घरातली तार आम्ही स्वहस्ते ओढिली आहे, तीस वर्षांत तिने दगा दिला नाही, कंपनीने आपल्या डोळ्यातले मुसळ पाहावे. कंपनी हटेना, राव हटेनात, आणि दोन आडमुठ्यांच्या भांडणात इंटरनेटची गती रांगत राहिली.

गुरुवारी सकाळी बाई उठल्या त्या थेट कंपनीच्या ठाण्यात जाऊन बसल्या, आणि माणूस मिळाल्यावाचून हलणार नाही म्हणाल्या, आणि पिशवीतला डबा काढून तेथेच जेवल्या. ठाणेदार घायकुतीस आला आणि त्याने जानबा लाइनमन यांस सोबत दिले. जानबा जुना मुरलेला गडी. त्याने बाहेरची तार घरात शिरते तेथली पहिली डबी उघडिली, घरातल्या साऱ्या तारा सोडविल्या, आणि मोडेम थेट डबीस जोडिला. गती एकाएकी चौपट जाहली. मग तो एकेक तार पुन्हा जोडू लागला. दिवाणखान्याची जोडिली, गती कायम. स्वयंपाकघराची जोडिली, कायम. वरच्या खोलीची जोडिली, तरी कायम. चौथी जोडिली आणि गती मेली.

ही चौथी तार खिडकीतून निघून शेजारच्या तीन घरांत जात होती. त्याचे कारण ऐसे की पूर्वी साऱ्या आळीत फोन एक, तो रावांकडे, आणि शेजारी आपल्या सोयऱ्यांस हाच नंबर देत. हाका मारून रावांचा घसा बसला, तेव्हा त्यांनी तार ओढून तीनही घरी घंटा टांगिली. फोन एकाचा येई आणि धावत तिघे येत. आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन, परंतु घंटा जागच्या जागी, एक फ्रीजमागे गंजलेली, दोन रंगाखाली गाडलेल्या, आणि तार अद्याप जोडलेली. जानबा म्हणाला की येणारा जोर या गंजक्या टोकांवर आपटून माघारा येतो आणि चांगल्या जोरात कालवाकालव करितो. नुसत्या बोलण्यास तार पुरली, चित्रास पुरत नाही. ही तोडावी.

हे ऐकून राव खिडकीपुढे आडवे उभे राहिले. म्हणाले की या घंटेवर शेजारच्या सोनटक्क्यांस नातू जाहल्याचे कळले, आणि हिच्यावरच त्यांचा भाऊ गेल्याचेही. तीन घरांस शब्द दिला आहे, आम्ही जिवंत असता तार तुटणार नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मामंजी, लोकांपर्यंत निरोप पोचावा म्हणून तुम्ही तार ओढलीत. उद्या पारूचं म्हणणं कोर्टापर्यंत कोणी पोचवायचं? बाजूला व्हा. नाही झालात तरी मी तोडणार आहे."

राव हलले नाहीत. तेव्हा बाईंनी जानबाची पक्कड घेतली, सासऱ्यांच्या खांद्यावरून हात नेला आणि तार तोडिली. रावांचे डोळे भरले, ते आत जाऊन दार लावून बसले. आम्हांसही वाईट वाटले, खोटे का लिहावे, परंतु बाईंचा पक्ष सोडीत नाही.

शुक्रवारी कोर्ट भरले. चित्र एकदाही थिजले नाही. वकिलाने तोच प्रश्न तीन परींनी विचारिला की तू आपल्या हाताने भाजून घेतलेस की नाही, आणि पारूने तीनदा नाही म्हणून खूण केली, आणि चौथ्यांदा अस्तनी सारून पोळलेला हात दाखविला, आणि बाईंच्या मुखाने सांगितले की मालकाने धरून इस्त्री ठेविली. साक्ष पुरी लिहून घेतली गेली. राव दाराआड उभे राहून सारे पाहात होते.

तात्पर्य, खोट घरातच होती, आणि ती प्रेमाने घातलेली म्हणोन दिसत नव्हती. ही बखर पुरी होत आली असता रावांकडून हुकूम आला की तार आम्ही आपण होऊन तोडिली ऐसे लिहावे. त्यांस तोडणे मान्य जाहले, इतके आनंदाने लिहितो. परंतु पक्कड सूनबाईंच्या हाती होती. राव रागावले तर रागावोत, ते खोडणार नाही.