गच्चीने परत पाठवलेलं ऊन

लेक माहेरी आली की दुसऱ्याच दिवशी बॅग भरायला घेते, हे चिंतामणी मास्तरांना फार लागायचं. पण मनवा तरी काय करणार? परळच्या त्या जुन्या इमारतीत मास्तरांचं घर सगळ्यात वर आणि डोक्यावर डांबर फासलेली काळी गच्ची. मे महिन्यात पंखासुद्धा गरम वारा फेकायचा. गेल्या वर्षी तिच्या तान्ह्या ध्रुवच्या पाठीवर घामोळं उठलं आणि मनवा डोंबिवलीला परत गेली. जाताना काही बोलली नाही, आणि तेच मास्तरांच्या मनात राहिलं.

जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलेलं. त्यांनी उपाय शोधला: गच्चीला सिलिकॉनचा पांढरा लेप. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाचवीच्या वर्गात करावा तसा प्रयोगच त्यांनी करून दाखवला. एक डबा काळा, एक लेप लावलेला; दोन्हींत बर्फ, दोन्ही उन्हात. काळ्या डब्यात पाणी झालं तरी पांढऱ्यातला खडा वाजत होता. सिलिकॉन मुळात वाळूतूनच मिळतं, या लेपातून पाणी आत झिरपत नाही आणि पांढरा रंग ऊन आल्या वाटेने परत पाठवतो, हे त्यांनी न कंटाळता प्रत्येकाला समजावलं. सगळ्यात आधी हात वर केला तो पहिल्या मजल्यावरच्या अंबिकाकाकूंनी. त्यांच्या घरी ना उकाडा, ना गळती. पण त्यांच्या स्वप्नीलला मास्तरांनी दहावीच्या पार नेलं होतं, हे त्या विसरल्या नव्हत्या.

लेप लागला आणि घर खरंच गार झालं. छताला हात लावून बघा म्हणून मास्तर येईल त्याला स्टूल पुढे करू लागले. मनवाचा फोन आला, "बाबा, यंदा महिनाभर राहते."

ती यायच्या आधीच बायकांनी दरवर्षीसारख्या गच्चीवर फेण्या आणि सांडगी मिरच्या वाळत घातल्या. एरवी संध्याकाळी खडखडीत होणाऱ्या फेण्या यंदा दुसऱ्या दिवशीही ओल्याच, वर आंबूस वास. खालून येणाऱ्या झळाळीने डोळे उघडवेनात, म्हणून अंबिकाकाकू स्वप्नीलचा गॉगल लावून फेण्या उलटत होत्या. आणि पायाला चटका बसत नाही म्हटल्यावर आजूबाजूची सगळी कबुतरं तिथे मुक्कामाला आली.

मास्तर वर जाऊन समजावू लागले, की इतकी वर्षं डांबर खालून ताव देत होतं, आता तो मिळत नाही, म्हणून...

"ते कळलं हो मास्तर," काकूंनी गॉगल कपाळावर चढवला. "तुम्ही ऊन परत पाठवलंत. मग माझ्या फेण्या काय ट्यूबलाइटवर वाळवू?"

प्रयोगाच्या डब्यात मास्तरांनी बर्फ ठेवला होता. फेणी ठेवून बघायचं सुचलं नव्हतं.

काकूंनी समोरच्या इमारतीची काळी गच्ची मागून घेतली आणि सगळं बिऱ्हाड तिकडे हललं. मग मनवा आली. ध्रुव गारव्यात गाढ झोपला, तशी ती आईला म्हणाली, "हा उठला की हाक मार गं," आणि समोरच्या गच्चीवर बायकांत गेली ती दिवेलागणीला परतली. दुसऱ्या दिवशीही तेच.

लग्नाआधी फेण्यांच्या दिवसांत ती डोक्यावरच्या गच्चीतच असायची. छतातून पावलं ऐकू यायची, हसणं ऐकू यायचं. पाणी प्यायला खाली आली की दारात उभी राहून वरची अर्धी गोष्ट बाबांना सांगायची. उरलेली अर्धी ऐकायला मास्तर पुढच्या तांब्याची वाट बघायचे. आता छत गार होतं आणि मुकं होतं.

"लेक राहावी म्हणून केलंत ना?" मनवाची आई पद्मजाबाई ध्रुवला थोपटत म्हणाल्या. "राहिली की. बसा आता गार."

तिसऱ्या दुपारी मास्तरांनी छत्री उचलली आणि समोरच्या गच्चीचे जिने चढले. डांबर चपलेतून भाजत होतं. पलीकडे त्यांची स्वतःची गच्ची अशी लखलखत होती की बघवेना. तिच्यावर कबुतरं सुखाने पाय पसरून बसली होती.

"बाबा, घरी एवढं गार सोडून इथे कशाला?" मनवाने विचारलं.

"कावळे फार आहेत म्हणे," मास्तर म्हणाले.

अंबिकाकाकूंनी त्यांच्या हातात काठी दिली आणि बसायला फळकूट सरकवलं. मास्तर टेकले, छत्री उघडली.

"मास्तर, छत्री मिटा," काकू म्हणाल्या, "फेण्यांवर सावली पडते."

मास्तरांनी मुकाट्याने छत्री मिटली.