टेलचे साहेब

"तुमाले पागलपनाचा दौरा-बिरा पडला का जी?" खातूननं विचारलं आणि हातातलं लाटणं पोळपाटावर आपटलं.

तिचं चिडणं वावगं नव्हतं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, आपला नवरा उद्या सकाळी सायकलवर टांग टाकून चार दिवस नदीकाठानं आणि नहराच्या पारीनं, म्हणजे काठच्या बांधावरून, नुसता फिरणार आहे, हे ऐकून कोणती बायको पेढे वाटेल?

"दौरा पडला नाई. दौऱ्यावर निघालो," जहीर म्हणाला. आपण काहीतरी ठसकेबाज बोललो असं वाटून तो स्वतःच हसला.

जहीरचं चंद्रपुरात जटपुरा गेटाजवळ टेलरिंगचं दुकान होतं. पितृपक्ष लागला की त्याच्याकडे कोणी नवे कपडे शिवायला टाकत नसे, त्यामुळे वर्षातले हे पंधरा दिवस मशीन चादर पांघरून झोपे आणि जहीर माशा मारे. पण या वर्षी त्याच्या डोक्यात वेगळंच शिरलं होतं. "तीस वर्सं झाले खातून, रोज पाय मारून राह्यलो मशीनले. एवढे पाय मारले असते सायकलले, तं दिल्ली गाठली असती. अन पोचलो कुठी? तिथंच, त्या स्टुलावर!"

 खातूननं आठ पराठे आणि लोणच्याची बरणी बांधून दिली. बरणी फुटली तर घरात पाऊल ठेवू नका, असंही बजावलं.

गाडीरस्त्यावर कोळशाचे ट्रक अंगावर येतात, म्हणून जहीरनं पाण्याकाठची वाट धरायची ठरवली होती. नहराबद्दल तर त्याचं पक्कं मत होतं. पाण्याला चढ चढता येत नाही, म्हणजे नहराच्या पारीवर चढ असणारच नाही. पहिल्या दिवशी तो गडचिरोलीला मुलीकडे, आफ्रीनकडे, मुक्कामाला गेला. दुसरा दिवस वैनगंगेच्या काठानं गेला. मासे धरणाऱ्या एका ढिवरानं त्याला सायकलसकट डोंग्यातून नाल्यापार नेलं आणि काही घेतलं नाही. एका म्हातारीनं ताकाचा गडवा पुढं केला आणि नावही विचारलं नाही. जगात इतकी भली माणसं आहेत आणि आपण तीस वर्षं फक्त त्यांच्या कंबरा मोजत बसलो, या विचारानं जहीरला गहिवरून आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नहर गाठला. नहराचं हे अगदी शेवटचं टोक होतं. इथून पारीपारीनं वर, नहर जिथून निघतो त्या तलावापर्यंत जायचं आणि मग घर. नहर कोरडा ठणठणीत होता, तळाला भेगा पडल्या होत्या. जहीरला त्याचं काही वाटलं नाही. तो गाणं गुणगुणत पिपरटोलीच्या शिवारात आला, तेव्हा पारीवर पाच-सात माणसं डोक्याला हात लावून बसलेली होती.

"कोठून आले जी?" त्यातल्या पोचू नावाच्या माणसानं विचारलं.

"चंद्रपूरवरून. दौऱ्यावर निघालो."

माणसं उठून उभी राहिली.

"नहराच्याच दौऱ्यावर?"

"हो, नहरानंच. तलावापर्यंत."

"तुमी कोन मनाचे मंग?"

"मी? टेलर."

एवढं ऐकलं आणि पोचूनं गावाकडे तोंड करून अशी हाळी दिली, की बगळे उडाले. "अवो, या वो सारे! टेलवाले साहेब आले!"

आता हे शहरातल्या माणसाला सांगायला हवं. नहराच्या सुरुवातीला 'हेड' म्हणतात आणि शेवटाला 'टेल'. हेडच्या गावांना पाणी मिळतं, टेलच्या गावांना आश्वासनं मिळतात. जन्मभर टेलला राहिलेल्या पोचूला 'टेलर' म्हणजे टेलचा अधिकारी, यापलीकडे दुसरा अर्थ सुचणं शक्यच नव्हतं. गावात कपडे शिवणाऱ्याला सगळे शिंपी म्हणत.

बघता बघता गाव जमा झालं. कुठूनशी खुर्ची आली, साखर जास्त घातलेला चहा आला. "अहो, साहेब नाई मी. टेलर आहो, टेलर!" जहीर कळवळून म्हणाला.

"तेच तं मनून राह्यलो आमी!" पोचू म्हणाला. "हेडवाले साहेब लय पायले. टेलवाले पयल्यांदाच आले."

जहीरनं शेवटचा उपाय म्हणून गळ्यातला टेप काढून दाखवला. सवयीनं तो प्रवासातही गळ्यात राहिला होता. "हे पाहा. मी मापं घेतो, मापं!" गर्दीतून समाधानाचा सुस्कारा निघाला. साहेब नुसते आले नव्हते, मोजायची तयारी करून आले होते.

तेवढ्यात गर्दीतून सत्यशीलाबाई पुढे आली. पन्नाशीची विधवा, दोन एकराची मालकीण. हातात मुळासकट उपटलेलं धानाचं एक ताट होतं. तिनं ते जहीरसमोर नखानं उभं चिरलं आणि आतली कोवळी लोंब दाखवली. "गर्भात हाय धान. पंधरा दिवस झाले पानी नाई. आनखी दोन दिवसांत नाई आलं, तं सारं पोचट होते. मंग वर्सभर काय खाचं साहेब?"

जहीरनं 'मी कपडे शिवतो' हे वाक्य ओठांवर आणलं होतं. लोंब पाहून ते परत गेलं. खोटं बोलणं पाप होतं. पण खरं बोलून सायकलवर निघून जाणं काही पुण्य नव्हतं.

"पानी कुठी अडलं?" त्यानं विचारलं.

"खैरबोडीले. सात मैल वर. आमी गेलो तं हाकलून देते. तुमी संगं चला."

त्याची वाट खैरबोडीवरूनच जात होती. तो सायकलवर बसला आणि त्याच्या मागे अख्खी पिपरटोली निघाली. सव्वीस सायकली. सत्यशीलाबाई पोचूच्या कॅरिअरवर ताट सांभाळत बसली होती.  साहेब नसलेला माणूस साहेब म्हणून सापडला तर त्याला काय करतात, हे जहीरनं आजवर कोणाला विचारलं नव्हतं.

खैरबोडीच्या वळणावर नहरात मातीनं भरलेली पोती रचलेली होती. अलीकडे भेगा, पलीकडे कमरेइतकं पाणी. आणि पारीवर खैरबोडीचे पुढारी गुणवंतराव कमरेवर हात ठेवून उभे होते. त्या कमरेकडे पाहताच जहीरनं करकचून ब्रेक दाबला. बेचाळीस इंच! मागच्याच उन्हाळ्यात त्यांच्या मुलाच्या लग्नासाठी त्यानं स्वतः तिथं टेप लावला होता. आता सगळं फुटणार होतं.

"अरेच्चा!" गुणवंतराव ओरडले. "जहीर टेलर! तुमी इथी?"

"आयकलं का?" पोचू मागच्यांना अभिमानानं म्हणाला. "गुनवंतरावबी वळखते. टेलर साहेबच मनते!"

जहीरनं डोळे मिटले, उघडले आणि गुणवंतरावांना हाताला धरून मोहाच्या झाडाखाली नेलं.

"भाऊ, मांग पोराच्या लग्नात तुमी मले कोटाचा कपडा देला होता. आठवते?"

"हो. भारी शिवला होता."

"त्यातला अर्धा कपडा मी ठेवून घेतला असता, अन तुमाले बिनबाह्याचा कोट देला असता तं?"

"दुकानात येऊन जोड्यानं हाणलं असतं."

"मंग हे लोक पायात जोडे घालत नाई, हे तुमचं नशीब," जहीर म्हणाला. "पानी बी एकच कपडा आहे भाऊ. बाह्या सगळ्यायलेच लागते."

गुणवंतराव आधी रागावले. मग त्यांनी सव्वीस सायकलींकडे पाहिलं, सत्यशीलाबाईच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. "आमची पान्याची भरणी तशी परवाच झाली," ते हळूच पुटपुटले. "पन पोती कोनं टाकली, ते इचारू नोका."

"वाहून आली असतीन," जहीर म्हणाला.

चाळीस पोती वाहत आली आणि एकावर एक व्यवस्थित रचून बसली, असं तिथं सर्वानुमते ठरलं. गुणवंतराव स्वतः पॅंट गुडघ्यावर चढवून पाण्यात उतरले. पॅंट जहीरनंच शिवलेली होती, त्यामुळे ती नीट वर गेली.

मग पाणी निघालं. तलावाकडं जाणं उद्यावर टाकून जहीरनं सायकल वळवली आणि पाण्याच्या बरोबरीनं चालवली. वाळकी पानं, काड्या, फेस पुढं ढकलत पाणी चाललं होतं, आणि पारीवरून सव्वीस घंट्या वाजत होत्या. दिवस कलता कलता पाणी सत्यशीलाबाईच्या धानाच्या बांधीत शिरलं. बाई वावराच्या कडेला धुऱ्यावरच बसून रडू लागली, आणि जहीरला राहवेना.

"बाई, माफ करा. मी साहेब नाई. मी शिंपी आहो. टेलर म्हंजे शिंपी."

 पोचूनं आधी टेपकडे पाहिलं, मग जहीरकडे. सत्यशीलाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"टेलवाला खरा साहेब कसा दिसते, ते आमच्यात कोनीच पायलं नाई जी," ती म्हणाली. "मंग तुमाले खोटा कसा मनाव? अन साहेब नसान तं बरंच झालं. साहेबाले च्या पाजून वाटेले लावा लागते. शिंप्याले जेवाले बसवता येते."

त्या रात्री जहीर तिच्या अंगणात भात आणि झिंग्यांची भाजी जेवला. खातूनचं लोणचं सगळ्यांना पुरलं. "आजपावेतो लोकं माह्या दुकानात आले ते फक्त 'झालं का, झालं का' इचाराले," तो म्हणाला. "माह्या मांगं कोनी आलं नवतं. तुमचे लय उपकार झाले." उपकार कोणाचे, यावर मग बराच वाद झाला, आणि तो भाजीबरोबर संपला.

सकाळी निघताना पोचूनं हळूच विचारलं, "पुढच्या पान्याच्या पाळीले येसान का जी? बुधवारी?"

"बुधवारी येतो," जहीर म्हणाला.

पुढच्या आठवड्यात घट बसले. दुकानात पॅंटींचा ढीग छताला लागला आणि गिऱ्हाईक दारात बोंबलू लागलं. आणि टेलरच्या धंद्यात आजवर कधी घडलं नव्हतं, ते घडलं. वायदा बुधवारचा होता, जहीर मंगळवारी संध्याकाळीच पिपरटोलीच्या पारीवर हजर झाला.