आधी स्क्रू दाखव

तुमच्या खिशातला मोबाइल जरा उलटा करून बघता? त्याला कुठं एखादा स्क्रू दिसतोय का?

दिसत नसेल तर तो मोबाइल तुमचा नाही. हे मी म्हणत नाही, शुक्रवार पेठेतले आमचे शेजारी गुरुसिद्ध आण्णा म्हणतात. "जी वस्तू आपल्याला उघडता येत न्हाय, ती आपण घेतलीच न्हाय. भाड्यानं आणलीय. मालक कंपनीच की."

लोक सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात, आण्णा स्क्रूड्रायव्हर लावतात. गल्लीत कुणी काही नवीन आणलं, की पेढा हातात घेण्याआधी आण्णा ती वस्तू मागतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "आधी स्क्रू दाखव."

समोरच्या घरातल्या लग्नात त्यांनी रुखवतसुद्धा सोडला नाही. पाहुणे साखरेची फळं बघत होते, आण्णांनी मिक्सर उलटा केला. "चार स्क्रू. पोरगी सुखात ऱ्हाईल." शेजारी आपोआप फरशी झाडणारी एक गोल तबकडी होती. आण्णांनी ती चहूबाजूंनी फिरवली आणि नवरीच्या आईकडं बघून हळहळले. "ताई, एक केरसुणी बी द्या हिच्यासंगं." नवरीची आई पुढं महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. तबकडी मात्र बंद पडली तेव्हा त्यांनाच बोलवावं लागलं.

आण्णा गिरणीत जॉबर होते. बिघडलेला माग चालू करून देणं हे जॉबरचं काम. माझे वडीलही त्याच गिरणीत, संघटनेची पत्रकं लिहायचे. आता गिरणी नाही, वडीलही नाहीत. आण्णांचा स्क्रूड्रायव्हर तेवढा आहे, आणि गिरणीतली एक सवय. दुरुस्त केलेली वस्तू चालू करून ते तिच्याशेजारी तासभर बसून राहतात. इस्त्री असो, पंखा असो. आमच्या टेबलफॅनसमोर ते कीर्तनाला बसल्यासारखे बसले होते. "झालं की आण्णा, फिरतोय," मी म्हणाले. "फिरतोय ते मला बी दिसतंय. कापड बघितल्याबिगर जॉबर मागापासून हालत न्हाय." पंख्यातून कसलं कापड निघणार, हे विचारायची सोय नव्हती. आईनं चहा टाकला.

कंपन्यांवर त्यांची मतं ठाम. "अपडेट म्हंजे काय? आपल्या घरात येऊन आपलंच कपाट हलवायचं, अन् वर सांगायचं, घर नवं करून दिलं." किंवा, "'मी सहमत आहे' असं बटण देतात. 'न्हाय' म्हणायचं बटण कुटं हाय?" एकदा त्यांनी एका कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बराच वेळ फोनवरचं संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली. आण्णांनी तक्रारीआधी विचारलं, "बाई, तू कुठली? जेवलीस का?" ती म्हणाली, "सर, ही माहिती मी देऊ शकत नाही." आण्णांनी फोन ठेवला. "तिला बी स्क्रू ठेवला न्हाय गं कंपनीनं."

मुलगा बेंगळुरूला असतो, बायको जाऊन काही वर्षं झाली. मुलानं मागच्या दिवाळीला एक बोलणारा डबा पाठवला. विचारलं की तो हवामान सांगतो, भजन लावतो. आण्णांचा निकाल असा: "हिंदी कळतंय, इंग्रजी कळतंय. मराठीत कन्नड मिसळलं की गप्प बसतंय. आमच्या गल्लीत तर सगळे तसंच बोलतात. अन् मी विचारलं तरच बोलतंय. आपणहून 'ऊटा आयता?' म्हणत न्हाय." जेवण झालं का, एवढंच ते विचारायचं असतं.

आम्ही हसलो. तेव्हा त्यात हसण्यासारखंच काहीतरी आहे असं वाटलं होतं.

आता माझ्या आईचं. टॉवेलच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरता भरता तिचे कान गेले. मी नोकरीला लागल्यावर तिला ऐकण्याचं यंत्र घेतलं. दोन मण्यांएवढे तुकडे, कानात बसणारे, आणि ते चार्ज करायची एक डबी. दोन वर्षांनी डबी मेली. कंपनीनं कळवलं: हा नमुना आता बनत नाही, सुटी डबी मिळणार नाही, नवा संच घ्या. कानातले तुकडे धडधाकट होते. फक्त त्यांना जेवू घालणारं कुणी नव्हतं.

आई गप्प होत गेली. कुणी काही बोललं की नुसती मान हलवायची, हसायच्या जागी हसायचं राहून जायचं. शेजारणी दारातूनच परत जायला लागल्या. आण्णा तेवढे रोज येऊन ओरडायचे, "वैनी, भाजी कसली?" सगळ्या पेठेला आमची भाजी कळायची.

मी पत्रकांवर वाढलेली. मी एक जळजळीत पत्रक लिहिलं. माणसाचे कान ओलीस ठेवणाऱ्या कंपन्यांनो, वगैरे. छापून वाटलं, कंपनीलाही पाठवलं. आण्णांनी ते दोनदा वाचलं. "लई झ्याक लिवलंयस. बापाचा हात हाय. आईला ऐकू यायला लागलं का?"

मी पत्रकाची घडी घातली.

"आण ती डबी."

डबीला स्क्रू नव्हता, सगळा गोंद. आण्णांनी गरम पाण्याची पिशवी मागितली आणि डबी तिच्यावर अंडं उबवायला ठेवावं तशी ठेवली. मग घरून एक पातळ पोलादी पाती आणली. मागाच्या फणीतली, गिरणीतून आणून जपलेली. तिनं ते कडेकडेनं गोंद कापत गेले. कपाळावर घाम. "हे मोडलं तर वैनीचं जे उरलंय ते बी जाईल," ते पुटपुटले, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्यांना भीती वाटतेय. टक् असा आवाज झाला. डबी उघडली. आत एक फुगलेली, करंगळीच्या पेराएवढी बॅटरी. तशीच दुसरी शोधायला ते तीन दिवस दुकानं हिंडले.

चौथ्या दिवशी आईनं तुकडे कानात घातले. आण्णा शेजारी बसले, तासभराच्या बोलीनं. चहा झाला. मग, जो माणूस महिनोन्‌महिने ओरडत होता, तो अगदी हलक्या आवाजात, तोंड भिंतीकडं करून म्हणाला, "ऊटा आयता?"

"झालं की," आई म्हणाली. "तुमचं?"

आण्णांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुसला, परत वर चढवला. म्हणाले, "कापड बरं आलंय."

त्यानंतर ओरडायची गरज उरली नाही, आणि त्यांचं रोजचं येणंही थांबलं. काम नसताना कुणाच्या घरी बसायची त्यांना सवय नाही.

मग आमचा मिक्सर बिघडायला लागला. दर पंधरा दिवसांनी खडखडायचा. आण्णा यायचे, स्क्रू आवळायचे, तासभर बसायचे. मी या कंपनीवर पत्रक लिहायला घेणार, एवढ्यात एका सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर आई मिक्सर उलटा करून बसलेली. हातात भाजी चिरायची सुरी, आणि तिच्या टोकानं स्क्रू ढिला करणं चाललेलं.

"आई?"

"वरडू नको, आता ऐकू येतंय मला," ती म्हणाली. "सोमवार हाय. गव्हाची हुग्गी शिजवलीय, त्यांना ही खीर आवडती. काम असल्याबिगर यायचे न्हाईत."

आण्णा आले. स्क्रू आवळला, मिक्सर फिरवला, हुग्गी खाल्ली, आईशी गिरणीच्या गप्पा मारल्या. तास झाला तरी उठले नाहीत. निघताना मी दारापर्यंत गेले, तेव्हा चप्पल शोधता शोधता हळूच म्हणाले, "स्क्रू हादऱ्यानं ढिला झाला तर असा न्हाय होत. चारी स्क्रू सारखेच तीन फेरे, अन् डोक्यावर सुरीचे ओरखडे." मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातात ठेवला. "ह्यो आईला दे. सुरीनं हात कापंल. मी सांगितलं म्हणू नको."

कंपन्यांवर मी अजून लिहिते, लिहीत राहणार. पण तुमच्याकडं माझं मागणं पत्रकातलं नाही. घरात बंद पडलेली एखादी वस्तू असेल, ती भंगारात घालू नका. तुमच्या गल्लीतल्या उघडून बघणाऱ्या माणसाला हाक मारा. दुरुस्त झाली की त्याला लगेच उठू देऊ नका. तासभर बसवा, आणि जेवण झालं का ते आपणहून विचारा.